पाठमोरी म्हातारी

अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोतल्या आमच्या घरी हे चित्र मी आणलं ते निव्वळ चौकस स्वभावापायी. मागच्या गल्लीतल्या गराज सेलमध्ये ते जुन्या दिव्यांच्या आड उभं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कुठल्याशा इंग्लिश चित्राची छापील प्रत. स्वयंपाकघरात टेबलाशी मान खाली घालून बसलेला माणूस, त्याच्या खांद्यावर बायकोचा हात आणि कोपऱ्यात पाठमोरी बसून बटाटे सोलणारी म्हातारी. यांचं काय बिनसलंय ते कळेपर्यंत मला चैन पडेना.

पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना ते मुळीच आवडलं नाही. "दिवेलागणीला समोर हे रडके चेहरे कशाला?" म्हणत त्या रोज देवापाशी दिवा लावण्याआधी चित्र भिंतीकडे वळवायच्या. सकाळी मी ते पुन्हा सरळ करायची.

अशात नवऱ्याची नोकरी गेली. व्हिसा नोकरीवरचा, दुसरी लवकर मिळाली नाही तर गाशा गुंडाळावा लागणार होता.

"आईला काही सांगू नको यार, तिचं बीपी वाढेल. ऑफर आली की सांगू," तो म्हणाला.

मग तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन लायब्ररीत जाऊन बसू लागला. मला हे नाटक अजिबात पटत नव्हतं, पण मूग गिळून गप्प बसले.

एका दुपारी पाहते तर सासूबाई चष्मा लावून, खुर्ची ओढून चित्रासमोर बसलेल्या.

"याचं काम सुटलंय," त्या म्हणाल्या.

"कशावरून, आई?"

"ऊन बघ की, भर दुपार आहे. आणि हत्यारांची पिशवी दाराशी टाकलीय. कामावरचा माणूस या वेळी घरी कसा?"

इतके दिवस बघूनही मला ती पिशवी दिसली नव्हती. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "आणि ही म्हातारी?"

"तिला दोघांनी सांगितलेलं नाही. सांगतील तेव्हा सांगतील, म्हणून बसलीय पाठ करून. पण बटाटे किती मोजके घेतलेत बघ तिने."

मी दाराकडे पाहिलं. दाराजवळच्या खुंटीला नवऱ्याचं ऑफिसचं कार्ड लटकायचं, ती खुंटी कधीची रिकामी होती. परवा दुकानात सासूबाईंनी आवडलेली शाल परत ठेवली होती, तेही आठवलं.

संध्याकाळी तो ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडत आला. दिवा लावून झाला होता आणि चित्र आज वळवलेलं नव्हतं. सासूबाईंनी त्याच्या हातातून डबा घेतला.

"उद्यापासून दुपारी घरीच जेवत जा," त्या म्हणाल्या. "गार अन्न खाऊन नोकरी शोधायला ताकद कुठून येणार?"

एक बूट पायात, एक हातात, असा तो उभाच राहिला. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी तिथेच रडायला लागले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणून सांगत होते," त्या म्हणाल्या, "असली चित्रं घरात लावू नयेत."