लाटा काढणारी होडी

धरणाच्या पाण्यावर विमान उतरणार होतं. धाकटा भाऊ सुरेश आग्रहाने मला बघायला घेऊन गेला. स्वतःच्या मुलीची सोयरीक त्याने मला न विचारता ठरवली, तेव्हापासून मी त्याच्याशी धड बोललेलो नाही. काठावरही तो बोलत होता आणि मी नुसतं "हं" म्हणत होतो.

पाणी अगदी निश्चल होतं. त्यावर एक मोटारबोट उगाचच गोल गोल फिरत होती.

"कशाला हा डिझेलचा धूर?" मी चिडून म्हणालो.

"दादा, पाणी आरशासारखं असलं की ते किती खाली आहे हे पायलटला कळत नाही म्हणे. लाटा दिसल्या की अंदाज येतो."

विमान आलं आणि त्या लाटांवर घसरत टेकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र त्या लाटांकडेच बघत राहिलो. शून्यातून धंदा उभारला तो मी गप्प बसण्याच्या जोरावर. भाव ऐकायचा, तोंड मिटायचं, समोरचा आपोआप खाली येतो. सौद्यातलं हे हत्यार मी सख्ख्या भावावर चालवत होतो. तो किती महिने विमानासारखा घिरट्या घालतोय, आणि मी आपला त्या पाण्यासारखा गुळगुळीत! हवा, गुडघे, गावाकडचा पाऊस, काहीबाही बोलून लाटाही तोच बिचारा काढत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

"दादा, चहा घेणार?" त्याने भीतभीत विचारलं.

"घेऊ की," मी म्हणालो. "आणि जावई करतात काय, ते सांगशील की नाही?"