भिकुबाईचे पाय

दिपमालाला घाबरायला मोठं कारण कधी लागलंच नाही. धुळ्यात, देवपुरात राहायला येऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी पांझरेच्या पुलावर रिक्षा अडकली की तिचा जीव खालीवर व्हायचा. नवरा ईश्वर एसटीत कंडक्टर. त्याची गाडी मुक्कामाला गेली की मोबाईल तिच्या उशाशी असायचा. घरात यावरून थट्टा चाले. "तुझ्या आईला भ्यायला काही मिळालं नाही ना, तर आज काहीच कसं नाही, म्हणून भिते," असं ईश्वर मुलीला सांगे, आणि दिपमालाही हसे.

एप्रिलमधल्या त्या दुपारी मात्र हसायला कोणी नव्हतं.

मुलगी ज्योत्स्ना पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने आणि वर्गातल्या कुंदनने मिळून नदीतल्या वाळूउपशावर एक छोटी फिल्म केली होती. कॅमेरा कुंदनचा, एडिटिंग ज्योत्स्नाचं. संध्याकाळी पाचपर्यंत ती कॉलेजात द्यायची होती, आणि शनिवारी सगळ्यांना दाखवून झाली की कॉलेजच्या चॅनेलवर जाणार होती.

आठवडाभर पोरगी लॅपटॉपसमोरून हलली नव्हती. लॅपटॉप जुना. थोडं काम झालं की तापून बंद पडे, म्हणून तो ताटावर ठेवून त्याच्याकडे टेबलफॅन लावलेला. नदीकाठचा वारा आवाजात शिरलेला, तो काढायला गेलं की माणसांचं बोलणंही पातळ व्हायचं. सगळ्यात जास्त छळलं ते भिकुबाईने. भिकुबाई कुंदनच्या मावशीच्या गावची, पारोळ्याकडची. रात्री वाळू कोण नेतं हे कॅमेऱ्यासमोर सांगायला गावात ती एकटीच तयार झाली होती, तेही चेहरा दाखवायचा नाही या अटीवर. ज्योत्स्नाने तिच्या चेहऱ्यावर धूसर ठिपका बसवला. पण भिकुबाईने मान वळवली की चेहरा ठिपक्याबाहेर यायचा. मग एकेक चित्र थांबवून ठिपका सरकवायचा. असं करत आख्खी मुलाखत झाली.

"बघ आता," ज्योत्स्ना म्हणाली. "कुठे दिसते का बघ."

दिपमाला कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आली होती. ताटली हातात तशीच धरून ती बघू लागली.

ओट्यावर एक बाई बसलेली. चेहऱ्याच्या जागी धुकं. ती सांगत होती, "नदी नही राहिनी आते, बठ्ठा खड्डाच शेतस. आमनी विहीर मरी गई. रातले ट्रॅक्टर येतस. मना जेठना शेतस." नदी राहिलीच नाही, सगळे खड्डेच आहेत, विहीर आटली, आणि रात्री येणारे ट्रॅक्टर तिच्या जेठाचे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचे आहेत. त्याचं नाव तिने घेतलं नव्हतं. सून कुठे घेते?

"दिसते?" ज्योत्स्नाने विचारलं.

"पाय," दिपमाला म्हणाली.

"काय?"

"तिचे पाय दिसतात."

ओट्याखाली सोडलेले पाय स्वच्छ दिसत होते. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. जोडवी एकाच पायात.

"पायावरून कोण ओळखतं गं आई?"

दिपमालाने ताटली खाली ठेवली. ती मूळची सावद्याची, बी.ए. झालेली. लग्न होऊन पारोळ्याकडच्या खेड्यात आली तेव्हा सासरे, जेठ समोर आले की कपाळाखाली पदर ओढायचा, एवढंच तिला सांगितलं होतं. पदराखालून दिसायचे ते पाय. कोण आलं, रागात आहे की खुशीत, सगळं ती पायांवरून ओळखायला शिकली. तिला वाटायचं, आपल्याला लोक ओळखत नसतील. एकदा कुणाला न सांगता ती पारोळ्याच्या बाजारात गेली, एसटीडीवरून आईशी बोलायला. संध्याकाळी घरी येते तर जेठ ओट्यावरच बसलेले. तिच्याकडे न बघता सासूला म्हणाले, "धाकली वहू बाजारमा कसाले गयी व्हती?" तिचा चेहरा त्यांनी कधी धड पाहिला नव्हता. मागून, नुसत्या टाचांवरून ओळखलं होतं.

हे तिने ज्योत्स्नाला सांगितलं. "तिच्या जेठाने तिचा चेहरा पाहिलाच नसेल," ती म्हणाली. "तू नेमका तोच झाकलास. त्याच्या ओळखीचे तेवढे पाय आणि आवाज ठेवलास."

चित्र थांबलेलं होतं, त्यातल्या करंगळीकडे ज्योत्स्ना बघत राहिली. मग तिने कुंदनला फोन लावून स्पीकरवर टाकला, आणि भिकुबाईला काढावं लागेल असं सांगितलं.

"अगं, आता काय काढतेस?" कुंदन म्हणाला. "तीच तर फिल्म आहे. बाईच नाही तर राहिलं काय, माझ्या मावशीच्या म्हशी?"

"कुंदन," दिपमालाने विचारलं, "ती राहते कुठे? वेगळं घर आहे तिचं?"

"नाही काकू. एकाच अंगणात आहेत दोघं भाऊ."

ज्योत्स्नाने मुलाखत मागे नेऊन पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

"पाय कापून टाकू," ज्योत्स्ना शेवटी म्हणाली. "सुकलेली विहीर आहे आपल्याकडे, टायरच्या खुणा आहेत, तेच दाखवू. बाई कुठेच नको. पण आवाज बदलला तर मशीनसारखा येतो, मी करून पाहिलंय. आणि तिच्यासारखं बोलणार कोण? मला अहिराणी येते ती हसण्यापुरती."

बोलता बोलता ती आईकडे बघायला लागली होती. दिपमालाला ते कळलं.

"मी नाही," ती म्हणाली.

"काकू, तुम्ही बोलता?" फोनमधून कुंदन म्हणाला.

"माझे जेठ अजून आहेत रे बाबा. त्यांच्याकडेही ट्रॅक्टर आहे." वाळूशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण घरची सून असं बोलली हे पारोळ्यापर्यंत पोचायला वेळ लागणार नव्हता, आणि तिचा आवाज तिकडे ओळखीचा होता.

ती स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण बघून आली. बंदच होतं. परत येताना पडद्यावर ते पाय पुन्हा दिसले. शनिवारी ते सगळ्यांना दिसतील, मग मोबाईलमधून अंगणात पोचतील. त्या अंगणात रात्री भिकुबाई कुठे जाईल, हा विचार एकदा मनात शिरला तो बाहेर निघेना.

"पंखा बंद कर," ती म्हणाली.

रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून ज्योत्स्नाने तिच्या डोक्यावरून गोधडी टाकली आणि मोबाईल आत दिला. आत अंधार, कोंडलेली ऊब, घामाची धार. खाली नजर गेली तर फक्त स्वतःचे पाय दिसत होते. आवाज थरथरला.

"नदी नही राहिनी आते," ती म्हणाली. "बठ्ठा खड्डाच शेतस. आमनी विहीर मरी गई. रातले ट्रॅक्टर येतस." इथे ती थांबली. जेठ म्हणायचं नव्हतं. भिकुबाईसाठीही नाही, आपल्यासाठीही नाही. मग हळूच म्हणाली, "घरनाच शेतस."

गोधडी काढली तेव्हा ज्योत्स्नाचे डोळे लाल झालेले होते, जागरणाने असतील.

"थरथरतोय आवाज," दिपमाला म्हणाली. "पुन्हा घे."

"नाही. तसाच हवा."

साडेचारला फिल्म तयार होऊन पेनड्राइव्हवर गेली. बाहेर कुंदन मोटरसायकल घेऊन उभाच होता. चप्पल घालता घालता ज्योत्स्नाने विचारलं, "आई, शेवटी नाव टाकायला हवं होतं का गं तुझं?"

"नको. भिकुबाईला तेवढं सांग, तुमचं बोलणं आहे, पण तुम्ही त्यात नाही."

"आणि तिचं शूटिंग? ते कॅमेऱ्याचं कार्ड?"

"इकडे दे."

कार्ड तिने बाजरीच्या डब्यात तळाशी घातलं. मोटरसायकलचा आवाज पुलाच्या दिशेने विरला. मग दिपमालाने दाराची कडी लावली. दिवसाउजेडी तिने कडी कधी लावली नव्हती. जरा वेळाने जाऊन ती पुन्हा ओढून पाहिली.