जावयाच्या तांब्यातलं पाणी

थोरल्या चुलत्यांचा मला अजून राग आहे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर त्यांची आणि आमची विहीर सामाईक होती. शेताला पाणी पाळीपाळीनं, प्यायला मात्र दोन्ही घरं रोज शेंदत. त्यांनी द्राक्षबाग लावली होती. फवारणी झाली की पाठीवरचा पंप ते विहिरीच्या काठावरच धूत, आणि ते धुवण पुन्हा आत उतरे. उन्हाळ्यात तळ दिसायला लागला तरी त्यांची सवय सुटली नाही.

वैशाखात एके दुपारी, ते पंप धुऊन गेल्यावर, आई नुकतंच शेंदलेलं तांब्याभर पाणी प्यायली आणि तासाभरात तिला दरदरून घाम फुटला. तोंडातून लाळ गळायला लागली, हात लटलट कापायला लागले. तिला जीपमध्ये घालून बारामतीला नेलं. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि वडिलांना विचारलं, "फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता?"

"आमाला बाग न्हाय सायेब. ज्वारी-बाजरी पिकवणारी मानसं आमी."

"मग पाणी कुठलं पिता?"

घरी आल्यावर वडिलांनी चुलत्यांकडं भीत भीत विषय काढला. चुलते हसले. "एवढ्या मोठ्या हिरीत वाटीभर औषधानं काय हुतंय? तुझ्या बायकूला पित्त हाय. डाक्टरला काय कळतंय!" वडिलांनी मान खाली घातली. थोरल्यापुढं बोलायची आमच्यात पद्धत नव्हती.

मी मात्र शाळेजवळच्या हापशावरून रोज दोन घागरी आणायला लागले. मैलभर चालावं लागे. चुलते ओट्यावर बसलेले असत. म्हणत, "आली बघा इलायती पाण्याची राणी." मी दात-ओठ खात पुढं जाई.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ही रीत. चुलत्यांचा जावई यायचा होता त्या दिवशी सकाळीच ते स्वतः आमच्या दारात आले.

"पोरी, हापशाच्या चार घागरी आमच्यात बी टाक."

"हिरीला पानी हाय की, आबा."

"त्ये नगं. कालच पंप धुतलाय."

किती सहज म्हणाले! म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. आईच्या वेळी पित्त, आणि जावयाच्या वेळी पंप. माझ्या अंगाची लाही लाही झाली. तोंडातून ब्र न काढता मी चार घागरी वाहिल्या.

दुपारी सगळी भावकी जमली. दाजी पाटावर बसले, पाय धुऊन झाले. पाण्याचा तांब्या घेऊन मीच पुढं झाले. त्यांनी तो ओठाला लावला, तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "प्या दाजी, आपल्या हिरीचं हाय."

आबांनी झेप घेऊन तांब्या हिसकावला. अर्धं पाणी दाजींच्या कोऱ्या कपड्यांवर सांडलं.

"काय झालं मामा?"

"औषध हाय त्यात!" आबा बोलून गेले, आणि मग त्यांना घरभर बसलेली माणसं दिसली.

"आणि माझी आई पीत हुती, तवा तुमचा हात कुठं हुता?" मी विचारलं. त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी त्यांच्याकडं बघत बघत सगळं प्यायले. "हापशाचं हाय, आबा."

दाजींनी खालमानेनं दोन धोंडे कसेबसे खाल्ले. त्याच आठवड्यात आबांनी विहीर उपसून घेतली आणि पंप धुवायला बागेच्या पार पलीकडच्या टोकाला खड्डा काढला. आईच्या आजारानं जे झालं नव्हतं, ते जावयाच्या एका घोटानं झालं.

त्या धोंड्याच्या दिवशी संध्याकाळी मात्र आई माझ्यावरच चिडली होती. "भरल्या घरात थोरल्याची अब्रू घेतलीस. जा, पाया पडून ये." बोलताना तिनं कपबशी दोन्ही हातांनी धरली होती, तरी ती खडखड वाजत होती. मी पाया पडायला गेले नाही.