वीस मिनिटांचा ड्रॅगन

"नळीला हात लावायचा नाय," असं म्हणत मामा काचेच्या नळीपुढे दोन्ही तळवे आडवे धरून उभे राहायचे.

साप चावलेल्या माणसाचं रक्त कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं तर ठीक. नाही गोठलं, तर विष भिनलंय. मध्येच कुणी नळी हलवली की पुन्हा पहिल्यापासून. आणि नातेवाईक हलवतातच. तुमचा पेशंट असेल तर तुम्हीही हलवाल.

मी त्या वॉर्डात नर्स, मामा वॉर्डबॉय. मेंढरं राखणाऱ्या घरातले, सातवी शिकलेले. एक पेशंट जगभरच्या लोककथांचं जाडजूड पुस्तक विसरून गेला होता. मामांनी ते वाचून वाचून त्याची पानं सुटी केली. त्यातला एकच प्राणी त्यांना भावला, ड्रॅगन. ती वीस मिनिटं ते नातेवाइकांना त्याच्याच गोष्टी सांगत काढायचे.

गेल्या वर्षी दौलताबादकडची एक मुलगी आली. सीताफळं तोडताना पायाला चावा. पाय जरासा सुजलेला, मुलगी शुद्धीवर. सोबत धिप्पाड भाऊ. पंधराव्या मिनिटाला त्याचा धीर सुटला.

"इथं कोणी काहीच करंना. मी हिला भगताकडं नेतो."

मी आडवी आले, तर त्यानं मला बाजूला सारलं. दारात जीप चालूच होती. मामा नळीपासून हलले नाहीत.

"ने की. पण चीनमधला ड्रॅगन काय करतो, ठाऊक हाय का?"

"मामा, डोकं फिरवू नका."

"पाऊस पाडतो. लई गुणाचा. अन् युरोपातला गुहेत सोन्यावर बसून आग ओकतो. नाव ग्रीक लोकांचं. टक लावून बघणारा, असा अर्थ सांगतात. आपल्या 'दृष्टी'चंच भावंड म्हणं ते."

भावानं बहिणीचा दंड धरला. "ऊठ."

"थांब ना, दादा," ती म्हणाली. "मंग?"

"मंग एक ड्रॅगन गावच्या तळ्यात येऊन बसला, रोज एक माणूस मागायचा. राजाची पोर त्याच्या वाट्याला आली. गेली बिचारी. उभी राहिली काठावर. तो पाण्यातून वर आला, पापणी हलवंना..."

भावाचा हात सैल झाला. मी घड्याळ पाहिलं, वीस मिनिटं भरली होती. नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

मामा इंजेक्शनच्या बाटल्या आणायला पळाले. सलाइन लावताना बहिणीचा पाय भावानंच धरून ठेवला. पाचव्या दिवशी मुलगी चालत घरी गेली.

दोन आठवड्यांनी ती पाय दाखवायला आली. मामा महिनाअखेरीस निवृत्त होऊन गावी गेले होते, पुस्तकासकट.

"सिस्टर, तळ्यावरच्या त्या पोरीचं काय झालं हो?"

"मला नाही ठाऊक," मी म्हणाले.

अकरा वर्षं मी मामांच्या गोष्टी ऐकल्या. वीस मिनिटं झाली की ते वाक्य अर्ध्यावर टाकून पळायचे. पुढचं मी कधी विचारलं नाही.