खोकला, औषध आणि दादाचा कावळा

हसू नका, पण माझ्या खोकल्यानं माझ्या सख्ख्या भावाला वर जाऊ दिलं नव्हतं! अहो, खरंच. चहा घेत घेत ऐका.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मी अंबडला कंपनीत होतो आणि खोकल्यानं हैराण झालो होतो. साधासुधा खोकला नव्हे. ढास लागली की बरगड्या दुखायच्या, आणि तुमच्यापासून काय लपवायचं, कधी कधी पॅन्टही ओली व्हायची. इंदिरानगरच्या डॉक्टरांनी पातळ औषध दिलं. अर्ध्या तासात खोकला गप्प. पण मीही गप्प! बसल्या जागी झोप, तोंडाला कोरड, आणि पोट साफ व्हायचं नाव नाही. आता यातलं काय निवडायचं, तुम्हीच सांगा.

त्यातच दादा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता. त्याला माझ्या खोकल्याचा त्रास नको म्हणून मी औषध घेऊन उशाशी बसलो. भरदुपारी डोळा लागला. जाग आली तेव्हा दादा गेलेला. त्याचा हात माझ्या हातात होता आणि मी घोरत होतो. फार लागलं ते मनाला. ठरवलं, दहाव्याला औषध घ्यायचं नाही, बरगड्या मोडल्या तरी चालतील. बाटली खिशातच ठेवली.

रामकुंडावर पिंड मांडला. सगळे चिडीचूप. एक कावळा भिंतीवरून उतरला, उड्या मारत पिंडाशी आला, आणि मला ढास लागली. कावळा पसार. परत आला, परत ढास.

वहिनींचे भाऊ सटाण्याचे. ते हळूच म्हणाले, "दाजीना जीव कशामा तरी अडकेल शे."

झालं! सगळे माझ्याकडे बघायला लागले. कावळा माझ्याच आवाजाला उडत होता ना! मी हात जोडून म्हटलं, दादा, पुतणीच्या लग्नाचं मी बघेन. कावळा जवळ आला, मी खोकलो. लोकांना वाटलं, एवढ्यावर दादाचं समाधान नाही. मग मी विहिरीतला माझा हिस्साही देऊन टाकला. त्यावरही खोकलो.

गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववू. वहिनी ऐकेनात. खरा कावळा शिवल्याशिवाय त्या उठणार नव्हत्या. शेवटी माझ्याजवळ आल्या.

"भाऊजी, औषध घ्या."

"वहिनी, झोप लागेल. त्या दिवशीसारखी."

"लागू द्या."

दोन झाकणं घेतली आणि पायरीवर टेकलो.

वहिनींनी हलवलं तेव्हा कावळा शिवून गेला होता आणि गुरुजी पुढच्या लोकांकडे बसले होते. माझी मान वर होईना. वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्ही घोरायला लागलात आणि लगेच शिवला. त्या दिवशीही तुमचा डोळा लागायचीच वाट बघत असतील. तुमच्यासमोर जाववलं नसेल त्यांना."

मी हमसून हमसून रडलो. रडता रडता पुन्हा झोपलो, असं बायको सांगते.

तेव्हापासून भाऊबंदांत कुणाचंही दहावं असो, मला आधी औषध पाजतात आणि पायरीवर बसवून देतात. कावळा शिवताना मी आजवर पाहिलेला नाही. आता माझ्याच दहाव्याला काय तो दिसेल. तेव्हा निदान खोकला तरी नसेल.