जाड सालीचं फळ

कमळाचं हृदय मोठं झालंय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आमच्या आळीत आधी थोडा हशा झाला. डोक्यावर माशांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी ही बाई. वाट्यावर एक कोलंबी जास्त मागितली तर म्हणायची, "वयनी, समुद्र काय माझ्या बापाचा हाय?" तिचं हृदय मोठं कसं, असा तो विनोद. पण मग आमच्या घाटीच्या पायऱ्यांवर ती मध्येच पाटी टेकवून बसायला लागली, बोलता बोलता ओठ निळे पडायला लागले, आणि विनोद करणारेच तिला हात धरून चढवू लागले. शेवटी मुंबईला तिचं हृदयच बदललं. कुणाचं बसवलं ते सांगत नाहीत.

कित्येक महिन्यांनी ती रत्नागिरीला परत आली ती मास्क लावून, निम्मी होऊन. तिचा नवरा काशीराम बोटीवर जाणारा. तो दर्यात असला की तिचं खाणंपिणं आणि गोळ्यांच्या वेळा मी बघायच्या, असं ठरवावं लागलंच नाही. इतकी वर्षं माझ्या ओटीवर बसून ती चहा प्यायली होती, तेवढं नातं पुरे होतं.

पथ्यं काशीरामनं पाठ करून आणली होती. मुंबईच्या सिस्टरनी हिंदीत सांगितलेली तो मराठीत म्हणून दाखवायचा. कच्चं काही नको. ओल्या मच्छीला हात नको. फळं खायची ती जाड सालीची, धुऊन, सोलून. "आणि ते ग्रेप का काय ते फळ अजिबात नाय. औषधाशी भांडतं म्हणाली." ग्रेप म्हणजे द्राक्षं, मी सांगितलं. त्या खोलीत बीए झालेली मीच होते. तेव्हापासून द्राक्षांना आमच्या दोन्ही घरांत बंदी. शिऱ्यातले बेदाणेसुद्धा मी चिमटीनं वेचून टाकायचे.

कमळा स्वतः मात्र गोंधळून गेली होती. बांगड्याचं तिखलं समोर ठेवलं की तोंड फिरवायची. जिचा जन्म मच्छीत गेला तिला मच्छीचा वास सोसेना. "ह्यो कुणाच्या घरचा हाय कोण जाणे," छातीकडे बोट करून म्हणायची. "बामणाचा असंल तर माझा काय खरा नाय." मी हसायचे. पण घरी आल्यावर मलाही वाटायचं, असेलही. असं काही नसतं हे मला माहीत होतं, आणि तरी वाटायचं.

गणपतीत आमच्या परसातली पपनसं बाप्पाच्या वर बांधली होती. विसर्जनानंतर त्यातलं एक सोलून तिला दिलं. सगळं आयुष्य पपनसाला गुरांचं खाणं म्हणणारी कमळा शेवटच्या फोडीपर्यंत खात राहिली. मग डोळे मिटून म्हणाली, "ह्याला हवा होता, वयनी. माझ्या तोंडाला सगळा कडू लागतो. ह्योच मागत होता."

आता आतून कुणी मागतंय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? शिवाय जाड सालीचं फळ म्हणाल तर पपनसाहून जाड साल कुठली? मी रोज संध्याकाळी एक उतरवून न्यायला लागले.

थोड्याच दिवसांत तिचे हात थरथरायला लागले. चहाचा कप बशीवर वाजायचा. डोकं ठणकायचं. ती घाबरली ती वेगळ्याच गोष्टीला. "ह्याला माझा घर आवडत नाय. जायचा म्हणतोय," असं तिनं हळूच सांगितलं, जणू छातीतल्यानं ऐकू नये. मी आणखी गोड पपनस शोधलं.

तपासणीचं रक्त मुंबईला गेलं. उत्तर आलं की नवं हृदय टिकवायचं औषध रक्तात फार चढलंय, असंच राहिलं तर किडन्या जातील. गोळी दोनदा दिली का, डॉक्टरांनी विचारलं. मी काशीरामकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. त्या नजरेत काय होतं ते दोघांनाही कळलं, आणि दोघंही एकदम दुसरीकडे बघू लागलो.

सिस्टर व्हिडिओवर आल्या. ग्रेपफ्रूट खाल्लं का, त्यानं औषध रक्तात चढतं, म्हणाल्या. काशीराम जवळजवळ चिडून बोलला, बेदाणासुद्धा नाही दिला. त्यांना काही कळेना. द्राक्षं नव्हेत, त्या म्हणाल्या, संत्र्याच्या जातीचं, मोठं, जाड सालीचं, किंचित कडू. त्याच्या जवळचं कुठलंही फळ चालणार नाही. बोलता बोलता त्यांचं लक्ष माझ्या मागे गेलं. मागे फळीवर उद्याचं पपनस होतं.

"तेच," सिस्टर म्हणाल्या. "तेही."

पपनस बंद झालं. त्यांनी काही दिवस गोळी कमी केली, पुन्हा रक्त नेलं, आणि हळूहळू पातळी उतरली. किडन्या वाचल्या. एके दिवशी कप बशीवर वाजला नाही, तेव्हा काशीराम उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

सगळं स्वच्छ समजलं असं वाटायला हवं होतं. तोंड कडू होतं ते गोळ्यांनी, आंबटगोड बरं वाटायचं ते त्यामुळे. मी तिला हे नीट समजावलं. तिनं ऐकून घेतलं.

"मग ह्यो मागत नव्हता?"

"नाही गो."

"तुला कसा ठाव?"

परवा मी गेले तर तिनं माझ्याच झाडाचं एक पपनस काशीरामकडून मागवून ठेवलं होतं. मी ओरडणार, तेवढ्यात तिनं सुरी घेतली. हात जराही हलला नाही. पांढरी जाड साल तिनं फुलासारखी उलगडली, फोडी सोलून माझ्यापुढे ठेवल्या आणि हात साबणानं धुऊन समोर बसली.

"तू खा. माझ्या पुढ्यात खा. कुणीतरी खाल्ला एवढा तरी त्याला कळू दे."

मी खाल्लं. ती एक तळवा छातीवर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती. गोड लागतंय का, तिनं विचारलं. मी हो म्हटलं, आणि कुणाला सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही.