स्वइच्छेने की स्वेच्छेने

पेण स्टँडवर पनवेलची एसटी लागली तेव्हा मी आईला म्हणालो, "जातो." ती पदराने डोळे पुसत होती. पुसता पुसताच म्हणाली, "जातो नाय बोलायचा रे. येतो बोल." मी 'येतो' म्हणालो आणि गुजरातेत अंकलेश्वरला गेलो.

त्याआधी अकरा वर्षं रोह्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये होतो. कंपनी स्वतःला परिवार म्हणवून घ्यायची. युनियनच्या मागणीपत्रावर सही केली, आणि परिवाराने मला भंगार यार्डात नेऊन बसवलं. काम नव्हतं. पुढे खुर्चीही गेली. तीन महिने उभा राहिलो. मग एचआरचे साहेब टाइप केलेला मसुदा घेऊन आले. "हे स्वतःच्या अक्षरात उतरवून द्या. नाहीतर चोरीचा ठपका ठेवू, मग कुठली कंपनी दारात उभं करेल?" मसुद्यात होतं, 'स्वइच्छेने राजीनामा देत आहे.' उतरवताना मी मात्र 'स्वेच्छेने' असं लिहिलं. वाचनाची खोड, दुसरं काय. निरोपाला शाल-नारळ मिळाला.

तो राजीनामा नव्हता, मला काढलं होतं, एवढाच माझा कामगार न्यायालयात दावा आहे. रोह्याचे मित्र फोनवर विचारतात, "अजून लढतोस?" लढतोय कसला, तारखांना येतो. अंकलेश्वरला शिफ्ट सुटली की वॉचमन 'आवजो' म्हणतो. तिथेही जाणाऱ्याला 'या' म्हणतात. राहा असं कोणी म्हणत नाही.

गेल्या तारखेला उलटतपासणी झाली. मी जपून ठेवलेला मसुदा पुरावा म्हणून दिला होता. कंपनीच्या वकिलांनी तोच राजीनाम्याशेजारी धरला. "यातली चूक तुम्ही सुधारलीत. दबावाखालचा माणूस शुद्धलेखन तपासतो होय?"

मागे कोणीतरी हसलं. अकरा वर्षं एका मात्रेला टांगली होती. मी म्हणालो, "माझी आई रडत असते आणि माझं 'जातो' सुधारून 'येतो' करते. म्हणून मी जावं अशी तिची इच्छा असते, असं नाही, साहेब."

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं. मग पुढची तारीख दिली.

पेणला आल्यावर आईला सांगितलं. "कोर्टात माझा नाव कशाला काढलास?" म्हणाली, आणि भात वाढला.

सकाळी स्टँडवर मी पुन्हा 'जातो' म्हणालो. या वेळी मुद्दाम. तिने सुधारलं. घर आता तेवढंच उरलंय. तिथून निघताना, स्वेच्छेने निघालो असं कोणी लिहून मागत नाही.